नदीकाठच्या थपडा

माझा नवरा पुण्याचा, पक्का शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हेही विचारून खातो. अमेरिकेत रेडमंडला आल्यावर मात्र त्याला मासे पकडायचं वेड लागलं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर फेकायची, मासा फसला की ओढून घ्यायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. वर "मी कुणाला मारत नाही" हे आहेच. मी रत्नागिरीची. आमच्याकडे मासा आणला की तासाभरात तव्यावर. खायचा नाही तर त्या जिवाच्या तोंडात गळ कशाला खुपसायचा? यावरून दर शनिवारी आमची जुंपायची.

त्या जानेवारीत घाटात बर्फ होता आणि बर्फात गाडी मी त्याच्यापेक्षा बरी चालवते, म्हणून मीही गेले. पलीकडे नदीच्या दोन्ही काठांना बर्फाची जाड कड, मधोमध काळं पाणी. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून तो उतरला. कमरेचा पट्टा आवळ, नाहीतर आत पाणी शिरेल, असं मी दोनदा बजावलं. पण गाडीत तीन थालीपिठं खाऊन झाली होती.

"पोटाला काचतो गं," म्हणाला.

तासाभराने हातभर लांबीचा ट्राउट मासा गळाला लागला. गळ कल्ल्यात रुतला होता. त्याने तो उपसला तेव्हा त्याची बोटं लाल झाली. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"डोक्यात दगड घाल, सुटेल बिचारा!" मी काठावरून ओरडले.

"इथे मारायला अलाउड नाही. आणि मला नाही जमणार यार!"

तो माशाला प्रवाहात धरून हलवत राहिला. मासा उताणा झाला आणि वाहून निघाला. आपल्या हातून जीव गेला हे त्याला सोसेना. तो माशामागे खोल पाण्यात गेला.

तिसऱ्या पावलाला घसरला. विजार भरली. पाण्याने त्याला पोत्यासारखं नेऊन बर्फाच्या कडेवर आपटलं. कपाळ फुटल्याचा आवाज मी ऐकला. मी पोटावर आडवी पडून सरपटत गेले, एका हातात त्याचा खांद्याचा पट्टा आला, दुसऱ्या हातात केस. छातीखाली बर्फ कडाकडा मोडत होता. माझी दोन नखं उपटली गेली, पण ओढला त्याला. त्याच्याच सुरीने विजार टराटरा फाडली. ओठ निळे, डोळे मिटत चाललेले. मी त्याच्या थोबाडीत मारली.

"झोपायचं नाही! ऐकतोस का?"

दुसरी मारली. तिसरी. चौथीला त्याने डोळे उघडले.

"पुरे," तो स्पष्ट म्हणाला. "जागा आहे मी."

मी आणखी दोन मारल्या. शेवटची मूठ वळून. माझी नोकरी सोडायला लावून त्याने मला इथे आणलं होतं. त्याच्या व्हिसावर मला काम करता येत नाही, म्हणून सहा वर्षं मी घरात बसले, आणि विषय काढला की दर वेळी त्याचं एकच, "मी काय केलं?" तो सगळा राग त्या मुठीत होता. खरं सांगते, मारताना बरं वाटलं.

मग त्याला माझा कोट घातला, गाडीत कोंबलं आणि हीटर लावून दवाखाना गाठला. कपाळाला सात टाके पडले.

आता कुठेही चार मराठी माणसं जमली की तो हा किस्सा सांगतो. हिने थोबाडलं म्हणून जगलो, म्हणतो. सगळे हसतात. "पुरे" म्हटल्याचं तो कधीच सांगत नाही. मला वाटायचं, शुद्धीवर नव्हता, विसरला असेल.

गेल्या संक्रांतीला एका काकूंनी विचारलं, "अरे, किती मारल्या रे हिने?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"गरज होती तेवढ्याच, काकू," तो म्हणाला आणि तिळगुळाचा डबा त्यांच्यापुढे धरला.

त्यापेक्षा त्याने सगळ्यांसमोर मला एक ठेवून दिली असती, तर मला सोसलं असतं.