भिंतीवरचे तेल

ग्रामदैवत श्रीधावीर महाराजांना वंदन करून, रोह्यातील जुन्या चित्रपटगृहाच्या जीर्णोद्धारानिमित्त हे लिहितो.

रंगकामाला गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध अशा हमरापूरची एक प्रौढ मूर्तिकार स्त्री आली होती. लोखंडी पट्टीने खरवडण्यापूर्वी ती भिंतीवर क्षणभर तळहात ठेवी. बायकांच्या शेवटच्या रांगेमागे, वर्षानुवर्षे टेकलेल्या डोक्यांच्या तेलाचे काळसर डाग होते. कोपऱ्यातला माझ्या आईचा. तिथेच मी तिच्या मांडीवर बसत असे. तिचे छायाचित्रही आमच्याकडे नाही.

“बाई, तेवढा राहू द्या, माझ्या आईचा आहे,” मी विनविले.

“नाय जमायचं, आजोबा. तेलावर रंग धरत नाय.” मग हसली. “आय लय शिनेमे बघायची वाटतं?”

“बघायची कमी, रडायची जास्त.”

तिने सारी भिंत खरवडली, तेवढा डाग ठेवला आणि पट्टी माझ्या हाती दिली. “गणपती आम्ही घडवतो, पण बोळवण ज्याच्या घरचा त्यानंच करायची.”

मी तिथे कपाळ टेकले. मग तो डाग मीच उतरवला.

वाचकहो, आपल्या घरच्या माउल्या दीर्घायू होवोत, आणि आपले कुटुंब सदैव सुखी असो.