दोन चित्रांतला फरक

आपला चेहरा आपल्या मालकीचा आहे, असे प्रत्येकजण मानतो. त्याचे छायाचित्र मात्र निमूटपणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो. चौतीस वर्षे ज्यांच्या हाती असे चेहरे येत राहिले, त्या एका रीटचरची ही हकिकत आहे. फोटो स्टुडिओच्या मागच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसून ते छायाचित्रांतले डाग काढत. आरंभी बारीक ब्रश आणि शाई होती, पुढे संगणक आला. मुरुम, व्रण, कोटावर पडलेला केस, रडून सुजलेल्या पापण्या; ग्राहकाला जे नको ते जाई. त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेले चित्र ते मूळ चित्रावरच सेव्ह करत. "जुना चेहरा शिल्लक ठेवला की माणूस परत परत तोच बघत बसतो," असे ते म्हणत. या नियमात एक प्रकारची दया होती, हे मान्य करावे लागेल.

पत्नी त्यांना 'खोडरबर' म्हणे. ती एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती. परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावणे हे तिचे काम. पन्नाशी जवळ आल्यावर तिने दुर्बीण घेतली, मग दुर्बिणीला जोडायचा कॅमेरा. चंद्र आणि शनीची कडी यांत तिचे मन फार दिवस रमले नाही. "ते काय, दुर्बिणीला डोळा लावला की कुणालाही दिसतात," ती म्हणे. तिला हवा होता नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा एक बटुग्रह, जो दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नाही. गच्चीवरून घेतलेली चाळीस छायाचित्रे एकावर एक रचली, तरच एक फिकट ठिपका म्हणून उमटतो. तो तारा नसून ग्रह आहे हे ठरवायला आणखी काही दिवसांनी त्याच जागेचे दुसरे चित्र लागते. तारे जागचे हलत नाहीत. तो किंचित सरकलेला असतो.

या दोन चित्रांसाठी तिची चार वर्षे गेली. कधी ढग आले, कधी शेजारच्या इमारतीवर नवा दिवा लागला, एकदा पहिले चित्र मिळाले आणि दुसऱ्याच्या वेळी कॅमेरा बंद पडला. शेवटी एकदाची दोन्ही चित्रे हाती आली. वहीत तारीख, वेळ, हवा यांच्यापुढे तिने एकच शब्द लिहिला : सापडला. जुन्या संगणकात जागा नसल्यामुळे चाळीस-चाळीस मूळ छायाचित्रे पुसून रचलेली दोनच ठेवली. लगेच नवऱ्याला हाक मारली.

"अहो खोडरबर, इकडे या. हा बघा. आणि आता हा."

ते एका लग्नाच्या अल्बममध्ये गुंतले होते. उठून आले, चष्मा न बदलताच वाकले आणि म्हणाले, "वा, छान आलंय."

"कुठला ते तरी कळलं का?"

"कळलं गं. छान आहे."

"हात लावायचा नाही हं माझ्या चित्रांना," ती हसत म्हणाली.

त्यानंतर पाच आठवड्यांत ती गेली. दवाखान्यात, बोलणे जड झाले असताना, तिने सांगितले होते : "ती दोन चित्रं चिटणीसांना द्या. तशीच द्या." हे चिटणीस हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचे; त्या मंडळाची एक नोंदवही होती. दूरचा ग्रह ज्याने स्वतः टिपला त्याचे नाव तीत लिहिले जाई. त्या वहीत नाव यावे, एवढीच तिची इच्छा होती.

'तशीच' हा शब्द रीटचरांनी ऐकला होता, पण तो त्यांनी तिचा संकोच समजला. आयुष्यात एकच विद्या अवगत असलेला माणूस मृत पत्नीला दुसरे काय देणार? दोन रविवार ते त्या चित्रांपुढे बसले. सबंध आकाशभर बारीक कणी पसरली होती. तारा कोणता आणि धूळ कोणती, हे ठरवण्यासाठी त्यांनी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली आणि सचोटीने विचार केला : जे दोन्हींत आहे, ते खरे, जे एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तो कचरा. एकेक ठिपका तपासून त्यांनी कचरा काढला. मग नेहमीप्रमाणे मूळ चित्रांवरच सेव्ह केले.

चिटणीस हे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. आपल्या संगणकावर त्यांनी दोन्ही चित्रे आलटून पालटून पाहिली. पुन्हा पाहिली.

"फारच स्वच्छ आलीयेत हो."

"मीच केली साफ. दोन रविवार लागले," रीटचर म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडा अभिमान होता.

चिटणीसांचा हात थांबला. "साफ म्हणजे? काय काढलंत?"

रीटचरांनी आपली रीत सांगितली. चिटणीसांनी पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बोट केले.

"साहेब, दोन्हींत सारखं असतं ते तारे. जे सारखं नसतं, तेच तर बाई शोधत होत्या."

यावर रीटचर जे बोलले ते त्यांच्या धंद्याला धरून होते. "मी परत ठेवतो. कुठं होता तेवढं सांगा."

कोणत्या तारखेला तो ग्रह कुठे असतो, याची कोष्टके असतात. चिटणीसांनी तो कागद पुढे सरकवला आणि ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "जागा यात आहे. पुढचं तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही."

स्टुडिओतल्या आपल्या खोलीत येऊन रीटचरांनी कोष्टकाबरहुकूम दोन ठिपके ठेवले. कडा फिकट केल्या, आजूबाजूची कणी जुळवली. काम बिनचूक होते. कुणालाही ओळखता आले नसते. शिवाय ते खोटेही नव्हते, कारण ग्रह तिथेच होता. पण चार वर्षे ती ज्याची वाट पाहत होती तो प्रकाश गच्चीवरच्या काचेतून आला होता, आणि हा ठिपका खिडकी नसलेल्या खोलीतून. बदल सेव्ह करायचे का, असे संगणकाने विचारले. चौतीस वर्षांत प्रथमच त्यांनी 'नाही' दाबले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिटणीसांना फोन करून ठिपके ठेवले नसल्याचे कळवले. चिटणीसांना हायसे वाटले असावे आणि वाईटही.

"आणखी एक वाट आहे," ते म्हणाले. "आमच्या नियमात साक्षीदार चालतो. मूळ चित्रं बाईंनी तुम्हाला दाखवली असतील ना? 'मी तो ठिपका पाहिला' एवढं लिहून सही करा. मी आजच नोंद करतो."



"दाखवला होता हो तिनं," रीटचर म्हणाले. "मी बघितला नाही."