त्यांच्या ताटातला ठेचा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत. शाळा चौथीत सुटली. कोणाच्या हाती ही वही लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. समोरासमोर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी मालकांच्याच ताटात जेवत आले. ते उठले की त्याच ताटात माझी भाकर. ते माझ्यासाठी कडेला थोडा ठेचा ठेवायचे. आमच्यात बोलणं कमीच होतं. तो ठेचा मला पुरायचा.

मग त्यांचा आवाज बसला. पाणी गिळतानाही डोळे भरून यायचे. आदिलाबादला दाखवलं, तिथून हैदराबादला पाठवलं. घशातला तुकडा तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर हिंदीत बोलले. मला कळलं ते एवढं, की त्याच तुकड्याच्या अजून दोन तपासण्या करायच्या. एकीत गाठीत व्हायरस आहे का ते कळणार. दुसरीत गाठीवर एक खूण आहे का ते बघणार. अंगातले रोगाशी लढणारे शिपाई त्या खुणेपाशी अडतात आणि एक महागडं इंजेक्शन त्यांना मोकळं करतं. खूण भरपूर असली तर इंजेक्शन लागू पडायची आशा जास्त. डॉक्टरांनी मूठ आवळून आणि सोडून दाखवलं.

सरकारी कार्डावर या तपासण्या होत नव्हत्या. शेजारी राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंनी कापसाच्या पैशातून उसने दिले. देताना म्हणाल्या, "व्हायरस म्हनते नं डाक्टर? मंग त्याचं ताट अलग कर. कोरोनात पाह्यलं नाई का वं? तूबी पडली तं चूल कोन पेटवीन?"

मी ऐकलं. त्यांचं ताट राखेनं वेगळं घासू लागले आणि माझ्यासाठी दुसरं घेतलं. तिसऱ्या दिवशी ते बसक्या आवाजात म्हणाले, "माह्या ताटात काऊन नाई जेवत?"

"भूक नाई."

"रोजच नाई का?"

मी चुलीत फुंकर घालत राहिले. तिखट गिळवत नव्हतं, तरी ते ठेचा मागून घेत आणि कडेला ठेवत. मी तो ताटासकट धुऊन टाकत होते.

रिपोर्ट यायला वेळ होता. व्हायरस नसू दे, असा नवस मी बासरच्या देवीला बोलले.

रिपोर्ट आला. व्हायरस नव्हता. मी पदराखाली हात जोडले. डॉक्टरांनी ते पाहिलं असावं. ते हळू म्हणाले, "असता तर बरं झालं असतं, बहनजी. व्हायरसवाल्या गाठी बहुतेक वेळा औषधाला चांगली दाद देतात. यांची तंबाखूची दिसते." खूणही नव्हती. म्हणजे इंजेक्शनचा भरवसा फार थोडा.

मी धीर करून विचारलं, "आणि एका ताटात जेवलं तर?"

"व्हायरस असता तरी ताटातून लागला नसता."

देवीला मी उलटंच मागितलं होतं. मालक शेजारीच बसून ऐकत होते. परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी पोचल्यावर मी त्यांचं ताट पुढ्यात घेऊन बसले. पण तोवर त्यांना वाटीतली पेज तेवढी जात होती, ताटात उरायला काही नव्हतं. त्यांनी वाटीत दोन घोट ठेवले आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मशीनखाली झोपवून घशाला लाईट दिली, सलाईनमधून औषधं दिली. पुढची वेचणी लागली तेव्हा ते नव्हते.

मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला आणि जाऊबाईंचे पैसे थोडेथोडे देत गेले. काल शेवटचे द्यायला गेले. त्या चुलीपाशी होत्या.

"म्या मागतले होते का वं? घाई काऊन करतं? बस, जेऊन जा."

ताटाचं त्यांना सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "भूक नाई."

त्यांनी नोटा मोजल्या आणि कमरेला खोचल्या. तपासणीचे पैसे सगळे फिटले.