थोरल्या जावेच्या गोळ्या

ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मावळातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. हजेरी आटोपून मी दैनंदिनी वाचत होतो, तोच बेडशाकडच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला.

"साहेब, लवकर गाडी पाठवा. थोरल्या जावंनं धाकटीला विष घातलं म्हनत्यात. धाकटीला दवाखान्यात नेलंय, पन तिच्या नवऱ्याची मानसं थोरलीच्या दारात उभी हायेत."

खबर देणारा माणूस पोकळ बोलणारा नव्हता. मी दोन अंमलदार आणि एक महिला हवालदार लगेच गावात पाठवले. थोरलीला घराबाहेर एकटी सोडू नका, एवढीच सूचना दिली. गावात डोकी तापलेली असली की आधी माणूस वाचवायचा, तपास मागाहून करायचा.

मी ग्रामीण रुग्णालयात गेलो. धाकटी चाळिशीची असेल. उलट्या-जुलाबांनी पार गळून गेली होती, हाताला सलाईन लावलेलं. तिचा नवरा मला बघताच उठला आणि त्यानं एक छोटी पांढरी बाटली माझ्या हातात दिली. बायकोच्या अंथरुणाखाली सापडली म्हणाला. बाटलीवर औषधाचं नाव नव्हतं. एक क्रमांक, 'केवळ संशोधनासाठी' अशी ओळ आणि पुण्याचा एक फोन नंबर.

"बांधावरनं आमचं भांडान हाय, साहेब. भाऊ वारल्यापासनं वहिनी आन् आमी बोलत न्हाई. तिनंच केलंय हे. गुन्हा दाखल करा."

डॉक्टरांनी जबाब घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं. मी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि धाकटीला विचारलं, "बाटली कुणी दिली?"

"कुनी न्हाई. माझी मीच खाल्ल्या गोळ्या."

"आणल्या कुठून?"

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

बाहेर येऊन मी बाटलीवरचा नंबर लावला. तो पुण्यातल्या एका कर्करोग रुग्णालयाचा निघाला. तिथल्या डॉक्टरीण बाईंना सगळं सांगितलं. बाटलीवरचा क्रमांक वाचून दाखवताच त्यांनी तो आपल्या नोंदवहीत शोधला.

"एरवी मी रुग्णाचं नाव सांगितलं नसतं. पण जिवाचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "हे नव्या औषधाच्या चाचणीतलं आहे. रिकामी बाटलीसुद्धा आम्ही परत घेतो. ही बाटली हरवली असं त्या रुग्ण बाईंनी सांगितलं होतं." मग त्यांनी नाव सांगितलं. थोरली जाऊ.

म्हणजे भांडण होतं, औषध तिच्या घरातलं होतं, आणि बाटलीबद्दल ती खोटं बोलली होती. कागदावर ठेवलं असतं तर तेवढ्यावर अटक झाली असती. डॉक्टरीण बाईंनी इथल्या डॉक्टरांना फोनवरून उपचार सांगितले आणि स्वतः यायला निघाल्या.

थोरलीला ठाण्यात आणलं होतं. पन्नाशीची, अंगानं वाळलेली बाई. औषधांनी केस गेलेले, म्हणून डोक्याला सुती फडकं बांधलेलं. महिला हवालदारानं तिला चहा दिला होता, तो तसाच निवत होता.

"ताई, ही बाटली तुमची?"

"व्हय."

"धाकटीला तुम्ही दिली?"

"मीच दिली." जराही आढेवेढे नाहीत. मग तिनं मान वर केली. "साहेब, ती पानी पिती का? पोटात टिकतंय का?"

ठाण्यात आलेला माणूस सहसा आधी स्वतःचं विचारतो. मला कधी सोडणार, जामीन होईल का, घरी कळवलं का. या बाईनं स्वतःबद्दल एक शब्द विचारला नव्हता. माझा संशय तिथंच डळमळला.

"का दिल्या गोळ्या?"

"ते न्हाई सांगायची. तिनं शपथ घातलीया."

मी दरडावलं नाही. महिला हवालदाराला म्हणालो, "गाडी काढायला सांगा. ताईंना धाकटीकडं घेऊन जाऊ."

वॉर्डच्या दारात नवरा आडवा आला. मी त्याला बाजूला उभं राहून फक्त ऐकायला सांगितलं. थोरली आत गेली आणि तिनं धाकटीच्या कपाळावर हात ठेवला. धाकटीला रडू फुटलं.

"आक्का, तुला पकडलं का गं?"

"पकडू दे. तू बरी हो."

"न्हाई. साहेब, हिचा काय बी दोष न्हाई. मीच मागितल्या." धाकटी उठून बसायला धडपडली. "माझ्या छातीत गाठ हाय. लय दिस झालं. आक्काला गोळ्यांनी उतार पडला, ते मी विहारात पौर्णिमेच्या वंदनेला बघायची. तिथंच तिला सांगितलं. ती म्हनली, पुन्याला चल. मी म्हनलं, मला भ्या वाटतं, तू तुझ्यातल्याच दे."

"मग?"

थोरली खाली बघत म्हणाली, "मग एक दिस मी खायची, एक दिस तिच्यासाठी ठिवायची. मला वाटलं, दोघी बी निम्म्या निम्म्या बऱ्या होऊ."

लवकर बरं वाटावं म्हणून धाकटीनं साठवलेल्या गोळ्या एकदम गिळल्या होत्या.

नवरा दारातच खाली बसला. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमी आक्काचं नाव तरी काढू देत होता का घरात?"

दुपारी डॉक्टरीण बाई आल्या. मला वाटलं थोरलीला फैलावर घेतील. त्या तिच्या शेजारी खाटेवर बसल्या. "हे औषध कुणाला किती सोसतं, हेच आम्ही अजून बघतोय. तुम्हाला ते रक्त तपासून, वजन बघून देतो. यांची तर अजून तपासणीच झालेली नाही. अशानं दोघीही गेल्या असत्या."

"चुकलं, बाई. आता मला काढून टाकता का?"

"ते मी एकटी ठरवत नाही. रुग्णालयाच्या समितीला खरं ते सांगावं लागेल. पण उपचार बंद होणार नाहीत, एवढा शब्द देते."

विष घातल्याचा प्रकार नाही, असा डॉक्टरांचा अभिप्राय आला. नवऱ्यानं नवा जबाब दिला, तशी मी नोंद केली आणि प्रकरण मिटवलं. पुढच्या आठवड्यात त्यानं आपल्या टेम्पोत दोघींना पुण्याला नेलं. पुढं बायको, मागं वहिनी, असं बसवलं होतं. धाकटीनं मध्येच टेम्पो थांबवून वहिनीला पुढं घेतलं, असं त्यानंच मला हसत सांगितलं.

धाकटीची गाठ कर्करोगाचीच निघाली, पण वेगळ्या जातीची. थोरलीच्या गोळ्यांचा तिला काडीचाही उपयोग नव्हता. सुदैवानं गाठ पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, नेहमीचेच उपचार लागू पडले. थोरलीला समितीनं चाचणीत राहू दिलं. आजार तिच्या अंगातून पूर्ण गेलेला नाही, पण तो वाढलेलाही नाही, आणि ती शेतात जाते.

जिथं वैर दिसतं तिथं गुन्हा शोधायची पोलिसाला सवय लागते. ती सवय बहुतेक वेळा खरीही ठरते. या केसनं मला शिकवलं की भांडण पुरुषांनी धरून ठेवलं म्हणून घरातल्या बायकांनीही धरलेलं असतं असं नाही. आणि दुसरं, माणूस मरणाला जितका भितो, त्याहून कधी कधी तपासणीला जास्त भितो.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावात गेलो होतो. विहारात डॉक्टरीण बाईंचं तपासणी शिबिर चाललं होतं. दारात काही बायका अंग चोरून उभ्या होत्या. थोरली त्यांच्यातल्या एकीचा हात धरून म्हणत होती, "मीठ उसनं माग, साखर माग, कवा बी दीन. पन गोळी न्हाई गं. चल आत, मी बसते तुझ्यापाशी."

ती बाई आत गेली. तिच्यामागून दुसरीही गेली.