तेलाच्या ओळीपुढची खूण

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, फौजेतल्या भावापाशी तर नाहीच. दोनदा अगदी ओठावर आलं होतं — दोन्ही वेळा गिळलं. आता तुमच्यापाशी बोलते आहे. तुमच्यापाशीच का? तुम्ही माझ्या आबांना कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल. त्यांना पाहिलेल्या माणसासमोर मला हे बोलता येणार नाही.

आबा म्हणजे माझे वडील. लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि इस्लामपुरात घरालगत गॅरेज टाकलं. गॅरेजच्या भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन होता, त्याला आम्ही फळा म्हणायचो. गाडी आली की त्यावर खडूने कामांच्या ओळी लिहायच्या, आणि जो ते काम करील त्याने त्या ओळीपुढे आपली खूण करायची. सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नसे. आबांची खूण बरोबरची — शेपटी लांब, वर उडालेली. माझी खूण गोल टिंब.

हो, मीही तिथंच काम करायचे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता, नोकरी मिळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या वासातून, त्या ग्रीसमधून कुठं जावं असं फारसं वाटतही नव्हतं. पोरीच्या हातात पाना दिला म्हणून गल्लीत लोक हसायचे. आबा म्हणायचे, "हसूंद्या. नट काय बघतोय व्हय, हात कुणाचा हाय त्यो?"

त्या साली रणजितदादांची गाडी आली. दादा आमच्याच तालुक्यातले, ऊसवाल्या घरातले, वय पंचेचाळीसच्या पुढे, पण गाडी म्हटली की डोळे लकाकायचे. त्यांनी कुठूनशी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार मिळवली होती — दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी. पुण्यात तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन बसवून घेतलं आणि तिथून कटकट सुरू झाली. इंजिन दांडगं, पण मागचा डिफरन्शियल मूळचाच, नाजूक. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधे असतो तो लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद त्याच्यातल्या दातेरी चाकांतून मागच्या चाकांना मिळते. नव्या इंजिनाचा जोर त्या दातांना सोसेना. वर्षात दोनदा दात तुटले.

आबा गाडीखाली सरकले, बराच वेळ बघत राहिले आणि तिथूनच म्हणाले, "दादा, ह्यो बदलून भागणार न्हाई. ह्याच्या थोरल्या भावाला आणाय पायजे."

थोरला भाऊ मिळाला. त्याच कंपनीच्या एका मोठ्या, भंगारात निघालेल्या गाडीचा. पण तो सरळ बसेना. त्याला धरायच्या पट्ट्या नव्या करायच्या, मधला शाफ्ट तोकडा करायचा, चाकांपर्यंतचे दोन्ही एक्सल सांगलीला लेथवर घडवून आणायचे. ही सगळी मापं आबांनी मला घ्यायला लावली. एक्सल पहिल्याच खेपेला बसले. तेव्हा आबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या आयुष्यातले ते तीन आठवडे फार चांगले होते — हे मी मुद्दाम सांगते आहे. आमच्यात भांडण असतं, माझ्या मनात राग असता, तर पुढच्याला काहीतरी अर्थ लागला असता. तसं काहीच नव्हतं.

मी मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला. येते.

असा गोळा गाडीला चढवताना आत तेल नसतं. तो वर चढवायचा, बोल्ट आवळायचे आणि मग बाजूच्या भोकातून तेल भरायचं. तेल बाहेर ओघळायला लागलं की बूच लावायचं. पाच मिनिटांचं काम. फळ्यावरची सगळ्यात सोपी ओळ. तेल आमच्यापैकी जो जवळ असेल तो भरायचा, आणि त्या दिवशी जवळ मी होते. डबा उघडून ठेवला होता. बूच काढलं होतं. तेवढ्यात फोन वाजला — शिरवळच्या एका कारखान्यातून. सोमवारी मुलाखतीला या म्हणाले. भोकातून माती जाऊ नये म्हणून मी बूच हातानंच फिरवून लावलं आणि आईला सांगायला घरात पळाले. आबाही मागोमाग आले. चहा झाला, कुठली साडी नेसायची यावर आईशी बोलणं झालं. मी परत येऊन गाडीखाली सरकले तर बूच जागेवर. तेल भरून झालंय असंच डोक्यात बसलं. पान्यानं बूच आवळलं, बाहेर आले आणि तेलाच्या ओळीपुढे टिंब दिलं.

ही चूक. एवढीच असती तर मी आज तुमच्यासमोर बसले नसते.

आबांनी गाडी साखर कारखान्यापर्यंत सावकाश फिरवून आणली. काही कळलं नाही — जोडताना आत चोळलेल्या तेलावर ती फिरली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ती घेऊन मेढ्याला मित्राकडे निघाले. एकटेच होते, देवाची कृपा. कराड सोडल्यावर मागून घूं घूं आवाज यायला लागला. नव्या दातांचा असेल म्हणून ते तसेच गेले. सातारा मागं पडला, मेढ्याचा रस्ता लागला आणि एका वळणावर मागची दोन्ही चाकं एकदम जाम झाली. गाडी आडवी घसरत जाऊन पुलाच्या कठड्यावर आदळली. दादांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

फोन आबांना आला. अंगात सदरा घालता घालता ते आईला सांगत होते, "मागची चाकं जाम झाली म्हणं. आवाज येत व्हता म्हणं कराडपासनं." मी दारात उभी होते. मला तिथंच कळलं. संशय आला असं म्हणत नाही — कळलं. बूच हातानं फिरवल्याचं, फोनचं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. आबा शेजाऱ्यांच्या जीपमधून साताऱ्याला दवाखान्यात गेले. मी गॅरेजमध्ये गेले. भिंतीकडेला तेलाचा डबा होता. झाकण उघडं, काठोकाठ भरलेला.

मी अंगठ्याला थुंकी लावली आणि माझं टिंब पुसलं. मग खडू घेतला आणि त्या जागी बरोबरची खूण केली. शेपटी लांब, वर उडालेली. लहानपणापासून बघत आलेली खूण — पहिल्याच फटक्यात जमली.

डबा हलवला नाही. का हलवला नाही, माहीत आहे? भरलेला डबा आणि आबांची खूण, दोन्ही मिळून जे सांगणार होतं तेच मला हवं होतं. घाबरून केलं असं तुम्हाला वाटत असेल. घाबरले होतेच. सोमवारची मुलाखत होती, गल्लीतली ती हसणारी तोंडं होती. पण हात कापत नव्हता. हे मला अजून आठवतं — हात जरासुद्धा कापत नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर घालून आमच्याकडेच आणली. आबांनी गोळा स्वतः उतरवला, स्वतः खोलला. दाते जळून निळे पडले होते, एकमेकांत चिकटले होते. तेलाचा टिपूस नाही. बूच मात्र घट्ट. आबांनी डब्याकडे पाहिलं. मग उठून फळ्यापुढे गेले आणि कितीतरी वेळ तिथं उभे राहिले.

"खूण तर माझी हाय," ते म्हणाले.

मी खाली पडलेले बोल्ट वेचायला लागले.

"वैशू, मला आठवत न्हाई गं. तेल मी भरणार व्हतो का तू?"

त्यांनी हे विचारलं ते माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं. रस्ता विचारावा तसं. मी तेव्हासुद्धा सांगू शकले असते. खूण पुसल्याचं लपवून, नुसतं 'आबा, मी भरणार होते' एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

"तुम्हीच म्हणालात, मी भरतो," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. "म्हंजे न भरताच खूण केली मी," ते म्हणाले. आणि खाली बसले.

त्यानंतर आबांनी पाना हातात घेतला नाही. महिन्याभरात गॅरेज बंद झालं. दादांनी तक्रार केली नाही, उलट दवाखान्यातल्या खाटेवरूनच म्हणाले, "आबा, वय झालं की व्हतंय असं." त्या समजूतदारपणानंच सगळं केलं. आबांचं वय होतं त्रेसष्ट. आईनं घाबरून गॅसजवळ जाऊ देणं बंद केलं. भावानं सीमेवरून फोन करून बजावलं, त्यांना गाडी चालवू देऊ नका. सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. आबांनी सगळं बिनचूक केलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा. मग आम्ही लक्ष ठेवलं. आम्ही — त्यात मीही होते. एका धडधाकट डोक्याच्या माणसावर घरातल्या सगळ्यांनी लक्ष ठेवलं आणि तो माणूसही स्वतःवर लक्ष ठेवायला लागला. खिशात चिठ्ठ्या ठेवायचा. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचा, चार पावलं जाऊन परत यायचा. औषधाची गोळी घेतली का, हे आईला विचारायचा. घेतलेली असायची. दर वेळी घेतलेली असायची, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

मुलाखत? दिली. सोमवार गाठून दिली. नोकरी लागली आणि अजून तीच आहे. तपासणी विभागात आहे मी. दुसऱ्यांनी केलेलं काम बघते आणि त्याखाली सही करते.

ओठावर आलं होतं म्हणाले ना, त्यातली एक वेळ लग्नाआधीची. मी शिरवळहून रविवारी घरी आले होते. ठरवूनच आले होते. एसटीत वाक्यं जुळवली होती. आबा अंगणात खुर्चीवर होते. मी समोर जाऊन बसले, म्हटलं, "आबा, त्या गाडीचं—" त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "त्याचं मनाला लावून घिऊ नगंस तू," ते म्हणाले. "तुझं काम सोन्यासारखं झालं व्हतं. माती मी केली." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तो हात डोक्यावर राहू दिला. बोलायला मला कुणी अडवलं होतं? त्यांनी एक हात वर केला, एवढंच. मला थांबायला तेवढं पुरलं, कारण मी थांबायच्याच बेतात होते. दुसरी वेळ तर सांगण्यासारखीही नाही. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. ते झोपले होते. झोपलेल्या माणसाला सांगून मोकळं व्हावं असं मनात आलं, आणि तेही केलं नाही.

गेल्या वर्षी आबा छातीच्या दुखण्यानं गेले. शेवटपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं — लष्कराच्या कुठल्या ठाण्यात कुठली गाडी होती, तिचा नंबर, तिची खोड. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं हळहळली. "डोकं साथ देत नव्हतं बिचाऱ्याचं," म्हणाली. मी त्यांना पाणी दिलं.

एक सांगायचं राहिलं.

रणजितदादा बरे झाले, पण पाय आखूड राहिला. काठी घेऊन चालतात. मनाचा मोठा माणूस. चार-सहा महिन्यांतून एकदा आबांना भेटायला यायचेच. ते आले की आबा खुर्चीतून उठायचे — शेवटी शेवटी उठवत नव्हतं तरी उठायचे — आणि दोन्ही हात जोडायचे. दर वेळी. दादा संकोचून म्हणायचे, "आवं आबा, किती येळा हात जोडशीला? बसा की." पण आबा दादांच्या पायाकडे बघत तसेच उभे राहायचे.

मी माहेरी असले की चहा मीच न्यायचे. शेवटच्या खेपेलाही मीच नेला. आबा असेच हात जोडून उभे होते. "दादा, माझ्या इसरण्यापायी तुमचा पाय गेला," असं काहीतरी म्हणत होते, आणि दादांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना बसवीन म्हणून.

मी ट्रे खाली ठेवला.

"चहा निवतोय," मी म्हणाले, आणि आत गेले.