मानाय बसिलियाचं घर उचलण्याची गोष्ट

प्रमाणित करण्यात येते की, श्री. नेमेसिओ तापेल, राहणार गाव (बारंगाय) सान रोके, धंदा केळीच्या जातीच्या अबाका झाडाचे धागे काढणे, यांनी चक्रीवादळानंतर गावच्या सावड मंडळात निःस्वार्थ बुद्धीने व प्रकृतीची तमा न बाळगता सेवा केली. सबब त्यांना आदर्श स्वयंसेवक घोषित करण्यात येत आहे.

गावप्रमुख कॅप्टनबाईंनी हे चर्चच्या अंगणात मोठ्यानं वाचलं. ‘निःस्वार्थ’ या शब्दाला नेमेसिओची बायको पुरिता खोकली.

झालं होतं ते असं. सगळ्या गावाची मानाय, म्हणजे थोरली ताई, असलेल्या बसिलियाचं बांबूचं घर वाऱ्यानं खांबांवरून अलगद उपटलं, रस्ता आणि केळीची बाग ओलांडून नेमेसिओच्या परसात आणून ठेवलं. चुलीवरचं भांडंसुद्धा कलंडलं नाही. बसिलिया स्वतः शाळेत आसऱ्याला होती. डुक्कर मागे ठेवून तिनं कराओकेचं यंत्र तेवढं गोधडीत गुंडाळून नेलं होतं. परतल्यावर तिनं घराला एक फेरी मारली आणि म्हणाली, “वारा बरा येतो हं इथं.”

नेमेसिओला दरदरून घाम फुटला. बसिलिया कोंबड्याच्या आधी गायला बसे. इतकी वर्षं मध्ये केळी होत्या म्हणून तो जिवंत होता. आता खिडकीला खिडकी! विजेचे खांब आडवे झाले होते, एवढाच काय तो दिलासा. सगळं गाव लाईट यावी म्हणून मेणबत्त्या लावत होतं. नेमेसिओनंही लावली, पण त्याचं मागणं वेगळं होतं. लाईट यायच्या आत घर जागेवर गेलं पाहिजे.

“खांदा देईल त्याला खांदा,” तो विनवायला गेला तेव्हा कॅप्टनबाई म्हणाल्या. “तू कधी दिलायस? दर वेळी तुझी पाठ धरते. आता रांगेत शेवटी उभा राहा.”

मग नेमेसिओ कामाला असा जुंपला की बैलानं लाजावं. त्यानं चर्चमधला चिखल उपसला, तांदळाची पोती वाहिली, छपरं शाकारली, घरामागून घर बांबूवर तोललं.

“मानोय, पाठीचं काय झालं?” बरोबरचे गडी या थोरल्या दादाला विचारत.

“वादळात गेली. उचल!”

शेवटी एका दुपारी बसिलियाच्या घराची पाळी आली. माणसं जमली, बांबू आले. खरं तर घर टेकवल्यावर जेवायचं, हा सावडीचा रिवाज. पण बसिलिया दारात उभी राहिली.

“उपाशी पोटी माझं घर उचलाल? माझा नवरा वरून बघतोय!”

नारळाच्या दुधात शिजलेल्या, मिरच्या घातलेल्या अळूचा वास सुटला होता. त्यापुढे रिवाज कसला टिकतोय?

“अरे, आधी उचला रे!” नेमेसिओ कळवळला.

“मानोय, तू पण बस. भात आहे भरपूर,” पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

माणसं जेवली, पुन्हा जेवली, मग आडवी झाली. नेमेसिओ एकेकाचा पाय ओढत हिंडला. उन्हं कलल्यावर घर एकदाचं खांद्यावर चढलं, डुलत डुलत परसातून निघालं, नेमेसिओच्या भिंतीला वळसा घालू लागलं आणि तेवढ्यात चर्चच्या भोंग्याला कंठ फुटला.

“लाईट आली!”

घर होतं तिथंच धाडकन टेकवून माणसं मोबाइल चार्ज करायला पळाली. बांबूपाशी एकटा नेमेसिओ उरला. घर आता बरोबर त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली होतं.

“उद्या उचलू ना, कॅप्टनबाई?”

“तुझी पाळी झाली. उचललं की नाही? नियम उचलण्याचा आहे, कुठं ठेवायचं त्याचा नाही. आता पुन्हा शेवटी उभा राहा.”

नेमेसिओ आदर्श स्वयंसेवक झाला तो त्याच आठवड्यात. टाळ्या ओसरल्या तशी बसिलिया पुढे आली. तिच्या हातात वायरचं वेटोळं होतं.

“बाळा, माझी लाईट अजून जुन्या जागेच्या खांबावर. तुझ्या खिडकीतून वायर घेतली तर चालेल ना? एवढा मोठा स्वयंसेवक तू!”

सगळं गाव बघत होतं. नेमेसिओनं प्रमाणपत्राकडे पाहिलं, पुरिताकडे पाहिलं. पुरिता आभाळाकडे बघत होती.

“चालेल की, मानाय,” तो म्हणाला.

वायर अजून त्याच खिडकीतून जाते.