बुडालेली लादी

माझी थोरली नणंद बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. तिला सगळे ‘काटा’ म्हणायचे. शाळेची पायरी चढली नव्हती, पण वस्तू नुसती हातात घेतली की वजन सांगायची. तिचा नवरा चिडवायचा, "लग्नात हात धरला तेव्हाच हिनं मला तोलून घेतलं!"

नवराही तिथेच. पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून ते गार मिठाच्या पाण्यात उभे करायचे. गोठले की तो वरच्या कप्पीच्या साखळीनं ओळच्या ओळ उचलायचा. बर्फाच्या लाद्या सुटून शेजारच्या साध्या पाण्याच्या हौदात पडायच्या, आणि नणंद आकड्यानं ओढून काढायची. आत सदा धुकं. दोन हातांवरचा माणूस दिसायचा नाही, आवाज तेवढा यायचा.

इतक्या वर्षांत तिला एक पक्कं कळलं होतं. डब्यात दहा किलो पाणी ओतलं की गोठल्यावर बर्फ फुगून पार काठाशी येतो. भरतो दहा किलोच, पण जागा जास्त खातो. म्हणून तो पाण्याला हलका, म्हणून हौदात जरासं डोकं वर काढून तरंगतो.

एका सोमवारी एका लादीनं डोकं म्हणावं तसं वर काढलंच नाही. बुडू की नको, अशी लोंबकळत राहिली. हाताला भारी लागली, पण गाडी दाराशी उभी होती. गेली विकली.

बुधवारी सकाळी दुसरी पडली, ती सरळ बुडाली. तळाशी जाऊन बसली, पांढरीफटक, पाठ फिरवून बसल्यासारखी. सगळे हौदापासून मागे सरले. एक हमाल तर चपला न घालताच बाहेर गेला.

मुकादम म्हणाला, "बाई, हात लावू नका तिला. बर्फ कधी बुडतो होय?"

हिनं आकडा घातला आणि लादी वर ओढली. दुधासारखी पांढरी, आतलं काही दिसेना.

"अकराच्या वर आहे," ती म्हणाली. "डबा तोच, लादी तेवढीच. मग वरचा किलो बसला कुठे?"

"बसला म्हणजे? कोण बसलंय आत?" मुकादमाचा आवाज चिरकला.

तिनं लादी सोडली. पुन्हा तळाशी. पदराला हात पुसत ती विचार करायला लागली. आत लाकूड असतं तर उलट वर आलं असतं. दगड म्हणावा, तर एवढं वजन वाढायला दोन मुठींएवढा लागेल, आणि इथे दगड आला कुठून? एवढ्याशा जागेत एवढा भार म्हणजे लोखंडच. उघड्या डब्यात लोखंड पडलं ते वरूनच पडलं.

तिनं वर पाहिलं. धुकंच धुकं. त्यातून साखळीची कुरकुर येत होती, आणि खाली नवऱ्याचं गुणगुणणं. कप्पी चार बोल्टांवर टांगलेली. सोमवारच्या लादीत नट गेला असणार, आणि आजच्या लादीत बोल्ट.

"अहो, तिथून बाजूला व्हा!"

धुक्यातून हसू आलं. "का गं? बर्फातलं भूत माझ्या मागे लागलं की काय?"

"कप्पी सुटतेय!"

"वीस वर्षांत सुटली नाही. एवढी ओळ उतरवतो, मग बघू."

साखळी पुन्हा कुरकुरली. ही तशीच धुक्यात शिरली आणि कप्पीखाली, त्याला खेटून उभी राहिली. "मग मीपण इथेच. उतरवा सावकाश."

"वेड लागलंय का तुला? हो बाहेर!" साखळी अडकवून त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर आणलं. सहा पावलं झाली असतील. मागे धाडकन आवाज झाला. धुकं क्षणभर फाटलं. चेपलेले डबे दिसले, आणि दोघं उभी होती तिथे कप्पी पडलेली. मग धुकं परत मिटलं.

लादी दुपारी वितळली. आतून वीतभर बोल्ट निघाला. मुकादमानं काही तो हातात घेतला नाही.

कप्पी दुरुस्त झाली, काम सुरू झालं. पण साखळी सैल सोडली की तिचा नवरा आता गुणगुणायचा नाही. धुक्यातून हळूच विचारायचा, "तरंगतेय ना?"

लादीनं डोकं वर काढलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत नणंद उत्तर द्यायची नाही. आणि तेवढा वेळ तो तिकडे श्वास रोखून उभा असायचा.